नागफणी रंगवण्याआधी



निसर्गचित्र कसे शिकावे, यावर मी बोलावे अशी संयोजकांची इच्छा होती. विषय फार मोठा आहे आणि तासाभरात तो पेलवणारा नाही. म्हणून मी त्यातली एकच वाट धरणार आहे. जुन्या, मोठ्या चित्रकाराने काढलेले, माणसे असलेले एखादे निसर्गचित्र समोर ठेवायचे आणि ते आभाळापासून पुढच्या दगडापर्यंत आपल्या हाताने पुन्हा रंगवायचे. शिकण्याची ही वाट जुनी आहे, खात्रीची आहे, आणि आपण ती जवळजवळ सोडून दिली आहे. ज्या चित्रकला शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांच्या नावाने एवढे तरी मनापासून सांगावे, असे मला वाटले.

तुमच्यापैकी काहींना हे विचित्र वाटेल. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात येऊन असे सांगायचे? दारात नागफणीचा कडा उभा आहे. कड्यापलीकडे कोकण खाली पसरले आहे. इंद्रायणी याच गावच्या रानात उगम पावते. पावसाळ्यात ढग घरात शिरतात. एवढे सगळे डोळ्यांपुढे असताना पोरांनी दुसऱ्या कुणाच्या, दुसऱ्या देशातल्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रात डोके घालून बसायचे? निसर्ग हाच गुरू, असे आपणच सांगत आलो ना?

आपण सांगत आलो हे खरे. पण निसर्गाच्या शाळेत थेट बसवलेले मूल प्रत्यक्षात काय काढते, ते एकदा पाहू.

कुठल्याही शाळेत जा आणि 'निसर्गचित्र काढा' म्हणा. कागदावर दोन त्रिकोणी डोंगर येतात. दोघांच्या मधून अर्धा सूर्य, त्याला किरणांच्या काड्या. डोंगरातून निघून खाली रुंद होत जाणारी नदी. एक कौलारू झोपडी, एक नारळाचे झाड. आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र कोल्हापुरात काढले जाते, चंद्रपुरात काढले जाते आणि कुरवंड्यातही काढले जाते. कुरवंड्याचे मूल रोज नागफणी पाहते. नागफणी त्रिकोणी आहे का? सह्याद्रीत त्रिकोणी डोंगर शोधावा लागतो. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले. त्यांचे माथे सपाट, अंग पायऱ्यापायऱ्यांचे, मधे काळ्या बसाल्टच्या उभ्या भिंती आणि दोन भिंतींच्या मधे गवताचा, झाडीचा पट्टा. रोज डोळ्यांपुढे असलेला हा आकार कागदावर का येत नाही?

कारण त्या मुलाने डोंगर पाहून डोंगर काढलेलाच नाही. त्याने ताईच्या वहीतला डोंगर पाहून डोंगर काढला. ताईने तो मैत्रिणीच्या वहीतून घेतला होता. म्हणजे नक्कल झालीच. ती टळत नाही. चित्र काढायला बसलेला प्रत्येक माणूस आधी पाहिलेल्या चित्रांतूनच निसर्गाकडे पाहतो. तेव्हा नक्कल करावी की करू नये, हा प्रश्नच उरत नाही. कुणाची करावी, एवढाच उरतो. दोन त्रिकोणांची करायची, की ज्याने जन्मभर उजेड कसा पसरतो ते पाहिले अशा माणसाची?

गाण्यात हा वाद कधी झाला नाही. गुरूची बंदिश शिष्य जशीच्या तशी घोटतो, वर्षानुवर्षे घोटतो, आणि कुणी त्याला चोर म्हणत नाही. चित्रकलेत मात्र 'स्वतःचे काढ' असे आपण सहा वर्षांच्या मुलालाही सांगतो आणि साठ वर्षांच्या हौशी माणसालाही. स्वतःचे म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्याला कुठून कळावे?

आता आपल्याकडची हकीकत सांगतो, कारण ही पद्धत परकी आहे असा एक समज आहे.

सवाई माधवरावांच्या काळात, १७९०च्या दशकात, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. त्याच्या आसपास शनिवारवाड्यात चित्रे शिकवण्याची सोय झाली आणि तिथे गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी माणूस त्याच्याबरोबर काम करू लागला. गंगारामने वेरूळची लेणी कागदावर उतरवली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने काढला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. देशी रेषेत मुरलेला हात परक्या यथादर्शनाशी कसा झगडतो, ते त्यांत दिसते. वेल्स १७९५मध्ये वारला, पेशवाही पुढे पंचवीस वर्षेही टिकली नाही, आणि तो धागा तुटला.

नंतर मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७मध्ये सुरू झाले. तिथले एक शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला न्यायला सुरुवात केली. मशाली, आरसे, वटवाघळांची घाण, वाघूर नदीकाठची थंडी. अशा जागी पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण हिवाळ्यामागून हिवाळे बसले आणि भिंतीवरचे चित्र कॅनव्हासवर उतरवत राहिले. १८८५पर्यंत हे काम चालले. आणि पुढे काय झाले? लंडनला पाठवलेल्या त्या प्रतींपैकी पुष्कळशा आगीत जळाल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून जवळजवळ वीस वर्षे एकट्याने केलेल्या बहुतेक प्रतीही लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत गेल्या होत्या.

दोनदा केले आणि दोनदा जळाले. मग ते कष्ट वाया गेले का? मला तसे वाटत नाही. वस्तू म्हणून प्रत जळाली. पण अजिंठ्याचा चित्रकार हत्तीच्या पाठीचा पूर्ण बाक एका रेषेत कसा घेतो, गर्दीतल्या वीस चेहऱ्यांपैकी एकावरच उजेड कसा ठेवतो, हे ज्या हातांनी पुन्हा करून पाहिले, ते हात मुंबईला परत आले होते. प्रत करताना जे मिळते ते प्रत करणाऱ्याला मिळते. म्हणून त्याच्या वाट्याचे ते काम दुसऱ्या कुणालाही करता येत नाही.

आता अगदी जवळ येऊ. तुमच्या इंद्रायणीचे पाणी इथून निघते आणि वारकऱ्यांच्या देहूला, आळंदीला जायच्या आधी मळवलीवरून जाते. मळवली तुम्हाला माहीत आहे. लोहगड-विसापूरला जाणारे तिथे लोकलमधून उतरतात. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि १८९९मध्ये मळवलीला आला. थोड्याच वर्षांत रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला, आणि नंतर तो कितीतरी दशके चालला. १९७२मध्ये त्याला आग लागली. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, मोहिनी. महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या भिंतींवर जी चित्रे होती, ती या मावळातून गेलेली होती. आपल्या आजीने ज्या लक्ष्मीला हळदकुंकू वाहिले, ती बहुधा मळवलीच्या मालगाडीतून आली असेल.

त्या चित्रांच्या कलात्मक किमतीबद्दल पुष्कळ वाद झाले आहेत, त्यांत मी आज जात नाही. मला बोलायचे आहे ते छापखान्यात दगडासमोर बसलेल्या कारागिराबद्दल, ज्याचे नाव कुठल्याही चित्राखाली छापले गेले नाही.

ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची दगडावरून छापलेली प्रत, कसा होतो? रविवर्म्यांचे तैलचित्र समोर असते. बव्हेरियाहून आणलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर ते चित्र उतरवायचे असते. पण एका दगडावर एकच रंग. म्हणजे समोरचे झाड हिरवे दिसते खरे, पण कारागिराला विचार करावा लागतो: या हिरव्याच्या खाली पिवळा किती? त्यावर निळा किती? सावलीत तांबडा आहे का? असेल तर कुठे संपतो? पिवळ्याच्या दगडावर तो फक्त पिवळ्याचा वाटा काढतो, तेलकट खडूने किंवा शाईने, ठिपक्याठिपक्यांनी. निळ्याच्या दगडावर निळ्याचा. असे एकामागून एक दगड. आणि हे सगळे उलटे, कारण छापल्यावर डावे उजवीकडे जाते. सगळे दगड एकाच कागदावर अचूक एकावर एक बसले, तरच शकुंतलेच्या गालावर गाल दिसणार. नाहीतर ओठ हनुवटीवर येणार. शेवटी वार्निशचा हात, म्हणजे तैलचित्राची चकाकी येते.

मला हे सारखे आठवते, कारण चित्र शिकणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पडला पाहिजे. आपण म्हणतो 'झाड हिरवे'. त्या कारागिराला असे म्हणण्याची सोयच नव्हती. त्याला झाडाचा हिरवा उलगडून पाहावा लागला. एखादे जंगल त्याने असे दगडावर उतरवले असेल, तर त्यानंतर तो संध्याकाळी इंद्रायणीच्या काठाने घरी जाताना खऱ्या झाडीकडे कसा पाहत असेल? मला वाटते, पूर्वीसारखा पाहूच शकत नसेल.

रविवर्म्यांच्या या चित्रांत रान, नदी, दगड जिथे आहेत तिथे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा यांचा हात पुष्कळ वेळा आहे. ते स्वतः निसर्गचित्रकार होते. थोरला भाऊ माणसे रंगवी, धाकटा भाऊ माणसांच्या मागचे आभाळ आणि झाडी बघे. राजराजवर्मा १९०५मध्ये गेले, रविवर्मा दुसऱ्या वर्षी. दोन भावांची ही वाटणी लक्षात ठेवा, तिच्याकडे मी लगेच परत येणार आहे.

एक छोटी गोष्ट मधेच सांगून घेतो. १९०८च्या सुमाराला लोणावळ्यात आणखी एक छापखाना निघाला. तो रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोची कामे करत असे. म्हणजे जे काम दगडासमोर बसून माणूस करत होता, त्यातला काही भाग आता कॅमेरा करू लागला. हा छापखाना काढणारे गृहस्थ जे. जे.मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकलेले होते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पाच वर्षांनी त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यातला पहिला प्रसंग, राजा-राणी आणि राजपुत्राचा, रविवर्म्यांच्या चित्राची आठवण करून देतो. आणि बाहेरचे चित्रण त्यांनी घाटाखाली वांगणीला केले. दुसऱ्याच्या चित्रांवर वर्षानुवर्षे डोळे लावून बसलेला माणूस शेवटी खऱ्या माळावर खरी माणसे उभी करायला निघाला.

माळावर माणसे उभी करणे. आजचा माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

हल्ली लोणावळा-खंडाळ्याची कितीतरी निसर्गचित्रे मी प्रदर्शनांतून पाहतो. कडे आहेत, ढग आहेत, धबधबे आहेत, हिरवे तर विचारू नका. माणूस नाही. बाई नाही, गुरे नाहीत, वाट आहे पण वाटेवर कुणी नाही. का नाही? चित्रकाराला विचारले तर तो म्हणतो, शांतता हवी होती. मला वाटते, खरे कारण साधे आहे: माणूस काढायला भीती वाटते. डोंगर चार बोटे इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही, पण माणसाचा खांदा थोडा चुकला की तिसरीतल्या मुलालाही कळते. आणि त्याहून अवघड म्हणजे, माणूस किती मोठा काढायचा आणि कुठे ठेवायचा हे कळत नाही. नागफणीसमोर बसून ते कळणार नाही, कारण नागफणी ते सांगत नाही. ते दुसरा चित्रकार सांगतो.

क्लोद लोरॅन या फ्रेंच चित्रकाराचे उदाहरण घेतो. सतराव्या शतकात तो रोममध्ये राहिला आणि रोमबाहेरच्या माळावर जाऊन रेखाटने करत राहिला. त्याच्याबद्दल अशी आख्यायिका आहे की तो म्हणे, निसर्ग मी विकतो आणि त्यातली माणसे फुकट देतो. त्याची माणसे खरोखरच फार चांगली नाहीत. कधीकधी, रविवर्मा बंधूंसारखीच वाटणी करून, तो ती दुसऱ्याकडूनही रंगवून घेई. पण ती कुठे ठेवावीत हे त्याच्याइतके कुणाला कळले नाही.

१६४६मध्ये त्याने एक लहानसे उभे चित्र काढले, जेमतेम पावणेदोन फूट उंचीचे. एका बाजूला उंच झाड, मधून वाहत गेलेली नदी, लांबवर धूसर होत गेलेला प्रदेश, आणि खाली पुढच्या बाजूला दोन लहान आकृती. बायबलमधली हागार नावाची दासी मालकिणीच्या जाचाला कंटाळून पोटुशीपणी घरातून पळाली आहे आणि देवदूत तिला परत जायला सांगतो आहे. त्या दोन आकृतींवर बोट ठेवून झाका. चित्र सुंदरच राहते, पण झाड किती उंच आहे ते कळेनासे होते. नदी किती लांब आहे ते कळेनासे होते. एकट्या बाईला हा मुलूख किती मोठा वाटत असेल, हे तर पुसूनच जाते. बोट काढा, आणि सगळा प्रदेश आपापल्या मापाला येऊन उभा राहतो. एवढ्याशा माणसाने एवढ्या मोठ्या आभाळाला माप दिले.

हे चित्र इंग्लंडमध्ये सर जॉर्ज बोमाँट नावाच्या रसिकाकडे होते. त्यांचा त्याच्यावर एवढा जीव होता की प्रवासात ते बग्गीतून बरोबर नेत. आपला संग्रह त्यांनी देशाला दिला, पण हे एक चित्र मरेपर्यंत आपल्याजवळ राहू द्या म्हणून परत मागून घेतले. १८२७मध्ये ते वारले, तेव्हा ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमचे गेले. त्यांच्याच कृपेने एका गिरणीवाल्याच्या तरुण मुलाला ते चित्र पाहायला मिळाले होते. त्या मुलाचे नाव जॉन कॉन्स्टेबल.

कॉन्स्टेबलने काय केले ते नीट ऐका. १८०२मध्ये त्याने आपल्या गावाजवळच्या डेडहॅम खोऱ्याचे चित्र काढले. त्याची मांडणी क्लोदच्या त्या चित्राची आहे: तशीच उभी चौकट, तशीच झाडे, दूर गेलेली नदी. दगड आणि माती मात्र स्वतःच्या गावची. लक्षात राहावा असा माणूस त्यात नाही. नंतर तो मोठा चित्रकार झाला, 'हे वेन'सारखे चित्र त्याने १८२१मध्ये काढले. त्यानंतर दोन वर्षांनी, सत्तेचाळीस वर्षांच्या वयात, तो बोमाँटच्या घरी राहायला गेला आणि काय करत बसला? क्लोदच्या चित्रांच्या प्रती. एकात झाडीतला शेळ्या राखणारा गुराखी आणि त्याच्या शेळ्या होत्या; ती प्रत आज सिडनीच्या संग्रहालयात आहे. घरी पत्नी वाट पाहत होती, पत्रे येत होती, तरी मुक्काम लांबत गेला. प्रती करणे हे नवशिक्यांचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी हे वय लक्षात ठेवावे.

आणि १८२८मध्ये, बोमाँट गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, कॉन्स्टेबलने तेच डेडहॅम खोरे पुन्हा काढले. या वेळी कॅनव्हास जवळजवळ पाच फूट उंचीचा. मांडणी तीच. पण आता पुढच्या बाजूला, झाडाखाली, एक बाई बसली आहे. भटक्या जमातीची बाई, जवळ तान्हे मूल. क्लोदच्या चित्रात जिथे घर सोडून आलेली हागार होती, तिथे इंग्लंडच्या रस्त्यांवर हिंडणारी, घर नसलेली एक आई आली. सव्वीस वर्षे लागली. झाड त्याने गुरूकडून घेतले, नदी कशी वळवायची ते गुरूकडून घेतले. माणूस त्याला स्वतःच्या मुलखातच शोधावा लागला.

आता आपल्या घाटाकडे या. १८०४च्या सुमाराला विल्यम वेस्टॉल नावाचा इंग्रज चित्रकार मुंबईहून या डोंगरांत आला. त्याची बोरघाटाची दृश्ये पुढे रॉबर्ट ग्रिंडले यांच्या पश्चिम हिंदुस्थानावरच्या चित्रसंग्रहात छापली गेली. हे लोक क्लोदला मानणारे होते. आपला सह्याद्री त्यांनी इटलीच्या चौकटीत बसवला: पुढे काळोखी कडा, मधे उजेड, मागे निळे डोंगर. त्या काळच्या अशा चित्रांतून एतद्देशीय माणसेही दिसतात. वाटसरू, हमाल, बैलवाले. पण ती बहुधा कड्याची उंची कळावी म्हणून उभी केलेली असतात. त्यांच्या पाठीवर ओझे कसले, कुठून कुठे चालली आहेत, याची विचारपूस चित्रकाराने केलेली दिसत नाही.

ही चित्रेही आपल्या मुलांनी पुन्हा रंगवावीत, असे मी म्हणतो. उजेडासाठी, अंतरासाठी, कड्याच्या वजनासाठी. पण रंगवताना विचारावे: हा वाटेवरचा माणूस कोण? कुरवंड्याच्या घाटवाटेने शतकानुशतके माणसे चढली-उतरली. कोकणातले मीठ वर आले, देशावरचे धान्य खाली गेले. १६६१मध्ये कारतलबखानाची फौज इथूनच उतरली आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिला कोंडले. या वाटेवरचा माणूस केवळ माप दाखवायची काठी कसा होईल?

रोमला, लंडनला जाणे कुणाला जमणार, असे तुम्ही म्हणाल. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनाही हाच प्रश्न पडला असणार. ते स्वतः चित्रकार होते. १९३८मध्ये त्यांनी औंधच्या डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभे केले. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचे एक शिल्पही आहे. आणि त्याबरोबर युरोपातल्या नामांकित चित्रांच्या हाताने केलेल्या प्रतीही आहेत. दुष्काळी माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या एका लहान संस्थानाचा राजा हे करतो, कारण शेतकऱ्याच्या मुलालाही मोठे चित्र मोठ्या आकारात पाहता यावे. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. आज मोबाइलवर हागारही दिसते, कॉन्स्टेबलही दिसतो, अगदी रंगाच्या भेगांसकट. साधन आले. बसणारा माणूस मात्र कमी झाला.

आता बसायचे कसे, ते थोडे सांगतो. मागच्या रांगेत चित्रकलेच्या वह्या घेऊन बसलेल्या मुलांसाठी.

एकच चित्र निवडा, आणि त्यात माणूस असलाच पाहिजे. छापलेली प्रत शक्य तितकी मोठी घ्या. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात अजूनही परवाना घेऊन, घोडा लावून लोक प्रती करतात. तिथला नियम आहे की प्रत मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. तुम्हीही तसेच करा. आकार बदलला की आंधळेपणाने माप घेता येत नाही, प्रत्येक जागेचा नव्याने विचार करावा लागतो. सहीच्या जागी 'अमुक चित्रकाराच्या चित्रावरून' असे लिहा. मग कुणी नक्कल म्हटले तर मान खाली घालायचे कारण नाही.

आधी रंग लावू नका. कोळशाने किंवा पेन्सिलीने फक्त तीन छटांत चित्र पाहा: उजळ, मधली, काळोखी. बहुतेक मुलांना इथेच पहिला धक्का बसतो, कारण आभाळ आणि दूरचा डोंगर जवळजवळ एकाच छटेचे निघतात. एरवी आपण डोंगर म्हणून डोंगर गडद करतो. मग रंग. काळ्या रंगाची ट्यूब डब्यातच राहू द्या. सावली निळ्या आणि तपकिरीतून शोधा. मळवलीच्या कारागिराचा प्रश्न प्रत्येक हिरव्याला विचारा. दूरचे आधी, जवळचे मागून. माणसाची जागा मोकळी सोडा आणि तो सगळ्यात शेवटी रंगवा. पण त्याचा सगळ्यात तेजस्वी ठिपका, पागोटे असो की पदर, कुठे येणार ते पहिल्या दिवशी ठरवून ठेवा. कारण सगळे चित्र त्या ठिपक्याकडे बघत असते.

अडेल तिथे थांबा. प्रत करण्यातला खरा लाभ अडलेल्या जागी असतो. इथे या चित्रकाराने झाडाची फांदी का तोडली? नदी सरळ का नेली नाही? बाईच्या मागे नेमका उजेड का ठेवला? निसर्गात जे आहे ते आहे. तिथे 'का' विचारून उत्तर मिळत नाही. चित्रात प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली आहे, आणि ठरवणारा माणूस होता, म्हणून आपल्याला त्याच्याशी हुज्जत घालता येते.

हे एकदा पुरे झाले की मग नागफणीसमोर जाऊन बसा. तुम्हाला ती वेगळी दिसेल, याची मी हमी देतो. सप्टेंबरात धुके फाटते तेव्हा कड्याच्या पायऱ्या मोजता येतील. कारवी फुललेल्या वर्षी उतारावरचा जांभळा निळ्यात कुठे विरतो ते पकडता येईल. इंग्रजांनी या कड्याला वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक म्हटले, आपण नागाची फणी म्हटले; दोघांनीही पाहिले ते एकाच बाजूने. तुम्ही चारी बाजूंनी हिंडून जागा निवडा.

आणि मग क्लोदची चौकट कागदावर धरा. एका बाजूला जांभूळ किंवा हिरडा उभा करा. मधून इंद्रायणीचा पहिला ओहोळ जाऊ द्या. मागे कोकणाचा धूसर निळा. पुढच्या जागेत कोण?

आषाढात भाताच्या खाचरात वाकलेल्या बाया आहेत. डोक्यावर इरले, नाहीतर आता प्लास्टिकचा कागद. शेजारच्या वडगावच्या संशोधन केंद्रातून इंद्रायणी भाताचे वाण १९८७मध्ये बाहेर पडले. ते आता याच मावळाचे पीक झाले आहे आणि ते लावणारे हात चित्रात कुठेच नाहीत. टायगर पॉइंटवर शेगडीवर कणीस भाजणारा पोरगा आहे. गुरे घेऊन निघालेले म्हातारबा आहेत. दोर घेऊन कड्यावर चढणारी शहरातली मुले आहेत. आयएनएस शिवाजीतले, समुद्रापासून लांब या डोंगरात जहाजाची इंजिने शिकणारे नौसैनिक आहेत. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगेत अडकलेली कुटुंबे आहेत. तीही सोडू नका, तीही आजच्या घाटाची माणसे आहेत.

यांतले कोण घ्यायचे ते मी सांगणार नाही, क्लोदही सांगणार नाही. पण ज्याला घ्याल त्याच्यापाशी आधी जा. लावणी करणाऱ्या मावशींना विचारा, 'मावशी, तुमचं चित्र काढू का?' कदाचित त्या हो म्हणतील, कदाचित चिखलाच्या हाताने हाकलतील. हो म्हणाल्या तर बांधावर बसा आणि पाहा, त्या वाकतात कशा, किती वेळाने कंबर सरळ करतात, रोपाची मूठ कुठल्या हातात धरतात, मागे सरकताना पाय कसा टाकतात. चित्र झाले की त्यांनाच आधी दाखवा. रोप असे कुणी धरते का, असे त्या म्हणाल्या, तर घरी जा आणि हात पुन्हा रंगवा.